दारू पिऊन गाडी घातली, माणूस गेला, आणि कलम लागलं जामीनपात्र

पाणंद (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इथे वाचते रोज, लिहिते क्वचित. आज मदत हवी म्हणून धागा काढतेय.

गेल्या महिन्यात माझा आतेभाऊ गेला. पहाटे डेअरीवर दूध घालून मोटारसायकलवरून घरी येत होता. चुकीच्या बाजूने आलेल्या एका मोठ्या गाडीने त्याला उडवलं. गाडीतले चौघं रात्रभर हळदीच्या कार्यक्रमात होते, तिथे काय चाललं होतं ते अख्ख्या गावाने पाहिलंय. अपघात पावणेसहाचा. लोकांनीच चालकाला धरून सव्वासहाला पोलिसांच्या ताब्यात दिलं. त्याचं रक्त घेतलं दुपारी साडेबाराला. आमच्याकडे माती व्हायच्या आत तो जामिनावर घरी पोचला होता.

एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १०६(१), शिवाय मोटार वाहन कायद्याची १८४ आणि १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) ही कलमं आहेत. आता रक्ताचा रिपोर्ट आलाय: १०० मिलिलिटरला १८ मिलिग्रॅम. मर्यादा ३० ची. तपास अधिकारी म्हणतात, १८५ टिकणार नाही. आत्या विचारते, "डोळ्यांसमोर झोकांड्या खात होता, मग कागदावर प्यायलेला नाही असं कसं?" मला उत्तर देता येत नाही. सदोष मनुष्यवध का लावत नाहीत? आमच्या हातात काय आहे? गाव, ठाणं, दवाखाना कृपया विचारू नका.

कोर्टआवार
ताई, फार वाईट झालं. जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करतो, त्या अनुभवावर लिहितोय.

आधी जामिनाचं. १०६(१) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, जुन्या भादंवितलं ३०४-अ. शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती, १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांपर्यंत झाली, पण गुन्हा जामीनपात्रच राहिला. म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क, पोलिसांना तो द्यावाच लागतो. त्या संध्याकाळी तो सुटला त्यात कायद्याबाहेरचं काही नव्हतं, राग येणं साहजिक असलं तरी. पळून जाणाऱ्यांसाठी १०६(२) मध्ये दहा वर्षांची तरतूद लिहिली आहे. ट्रकचालकांच्या संपानंतर ते पोटकलम लागूच केलं गेलं नाही.

सदोष मनुष्यवध म्हणजे कलम १०५, पूर्वीचं ३०४. अपघातांत त्याचा दुसरा भाग लावतात: मारायचा हेतू नव्हता, पण आपल्या कृत्याने मरण ओढवू शकतं याची जाणीव होती. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. सगळी लढाई या "जाणीव" शब्दावर होते. दारू प्यायला होता एवढ्यावर जाणीव आपोआप सिद्ध होत नाही. दारू, वेग, रस्ता, वेळ, चुकीची बाजू, आधी कुणी अडवलं होतं का, हे सगळं मिळून ती उभी करावी लागते.

याचा पायाभूत निकाल आपल्या मुंबईचाच आहे, परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. सात मेले, आठ जखमी. रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल, म्हणजे ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने ३०४-अ धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ३०४ भाग दोन लावून तीन वर्षं केली आणि १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. बेदरकारपणा आणि जाणीव एकत्र असू शकत नाहीत हा बचाव तिथे फेटाळला गेला. त्या भागात राहणाऱ्याला मजूर फुटपाथवर झोपतात हे ठाऊक असतं, हेही धरलं गेलं.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला आजही टोचते. तीन वर्षं ही शिक्षा फारच अपुरी आहे असं सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं, पण शिक्षा वाढवण्यासाठी राज्याने अपीलच केलं नव्हतं म्हणून हात लावला नाही. सात माणसं गेली आणि सरकार पक्ष अपिलात गेला नाही. म्हणून सांगतो, सगळं सरकारी वकिलांवर सोडून घरी बसू नका.

जुना_अंमलदार
मी ठाणे अंमलदार म्हणून बरीच वर्षं काढली. ताई, तुमचा प्रश्न कलमाचा आहे त्याहून जास्त सव्वासहा ते साडेबारा या वेळेचा आहे.

१८५ मध्ये अटक केली की त्याच कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. तुमच्याकडे सहा तास गेले. असं का होतं? कधी खरंच माणूस नसतो, रात्रपाळी सुटायची वेळ, बंदोबस्त, एकच जीप आणि ती प्रेताबरोबर गेलेली. कधी मुद्दाम होतं. ठाण्याच्या आवारात आरोपीचे नातेवाईक जमतात, फोन येतात, "साहेब, आधी फिर्याद घेऊ" म्हणत पाणी पाजत बसवून ठेवतात. दोन्ही पाहिलंय, आणि दुसऱ्या प्रकाराला माझ्याकडून माफी नाही.

तुम्ही तीन नोंदींच्या मागे लागा. स्टेशन डायरीत आरोपी ताब्यात घेतल्याची नोंद. दवाखान्याला दिलेली मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, तिच्यावर जावक क्रमांक आणि वेळ असते, घेऊन जाणाऱ्या शिपायाचा बक्कल नंबर असतो. आणि दवाखान्याच्या अपघात विभागाच्या रजिस्टरमधली नोंद. या तिन्ही वेळा एकमेकींशी जुळतात का बघा. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या की हे कागद दोषारोपपत्रात घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोललेलं काही राहत नाही.

कॅज्युअल्टी_ड्युटी
सरकारी दवाखान्यात रात्रपाळ्या केलेली डॉक्टर आहे. रक्ताबद्दल लिहिते, कारण बचाव पक्ष सगळ्यात आधी इथेच बोट घालतो.

पोलीस यादी घेऊन येतात. आम्ही आधी तपासून लिहितो: श्वासाला वास, बोलणं, चाल, डोळ्यांच्या बाहुल्या, भान. मग रक्त. सुई टोचण्याआधी त्वचा पुसायला स्पिरिट वापरायचं नाही, कारण तेही अल्कोहोलच. रक्त जाडसर राखाडी बुचाच्या बाटलीत घ्यायचं, तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ऑक्झलेटने रक्त गोठत नाही, फ्लोराइडने ते सडत नाही. फ्लोराइड नसेल आणि बाटली उन्हात राहिली तर जंतू त्यात स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात, किंवा असलेलं कमी होऊ शकतं. बाटली भरून घ्यायची, लेबलवर नाव, तारीख, वेळ, सही, वर कागदी पट्टी, लाखेचं सील, सीलचा नमुना वेगळ्या कागदावर. मग फ्रीजमध्ये किंवा थेट पोलिसांकडे, पोचपावतीसह.

यातली एक पायरी जरी कागदावर नसली तरी उलटतपासणीत "म्हणजे हेच रक्त आरोपीचं, असं तुम्ही सांगू शकत नाही?" हा प्रश्न येतो. आणि मग खरंच सांगता येत नाही.

ताई, रक्ताच्या रिपोर्टआधी डॉक्टरांनी पहिल्या तपासणीत काय लिहिलंय ते मिळवा. वास आणि चाल लिहिलेली असेल तर १८ च्या आकड्याला वेगळा अर्थ येतो.

शेवगा
म्हणजे १८ आला म्हणून सगळं संपलं असं नाही? नीट कुणी समजावेल का? माझ्या ओळखीतही असंच झालं होतं, त्यांनी रिपोर्ट बघून नाद सोडला.

सूक्ष्मदर्शी
रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून हा भाग मी घेतो.

अल्कोहोल पूर्ण शोषलं गेल्यावर यकृत ते साधारण ठरावीक वेगाने काढतं, १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १० ते २० मिलिग्रॅम, माणसागणिक कमीजास्त. अपघात पावणेसहाचा, रक्त साडेबाराचं, मधे पावणेसात तास. सगळ्यात कमी वेग धरला तरी ६७ मिलिग्रॅम निघून गेले. १८ मध्ये मिळवले की ८५. जास्तीचा वेग धरला तर १५३. कुठल्याही बाजूने मोजा, ३० च्या खाली येत नाही.

अर्थात हे गणित तुम्ही-आम्ही मांडून चालत नाही. न्यायवैद्यक तज्ज्ञाने लेखी मत द्यावं लागतं, साक्षीला उभं राहावं लागतं, आणि आरोपीचे वकील विचारणार की शेवटचा पेला कधी घेतला, पोट भरलेलं होतं का, वजन किती. तो शेवटपर्यंत पीत बसला असेल तर अपघाताच्या क्षणी शोषण पूर्ण झालेलं नसेल, असाही युक्तिवाद होतो. त्याला उत्तर म्हणून बाकीचा पुरावा लागतो. पण तपास अधिकाऱ्याने तज्ज्ञाला विचारलंच पाहिजे, एवढा आग्रह धरा. १८ हा आकडा साडेबाराचा आहे, पावणेसहाचा नाही.

कोर्टआवार
सूक्ष्मदर्शी, उत्तम मांडलंत. एक भर. १८५ च्या शब्दरचनेत चाचणीत आढळलेलं प्रमाण महत्त्वाचं आहे, त्यामुळे उलट्या गणितावर १८५ खाली शिक्षा होणं कठीण. पण १०५ साठी ३० चा आकडा लागतच नाही. तिथे जाणीव दाखवायची असते, आणि तिच्यासाठी हे मत, डॉक्टरांचं निरीक्षण, हळदीतले साक्षीदार, सगळं चालतं. पोलीस १८५ काढतो म्हणतात म्हणजे दारूचा पुरावाच गेला, असं समजू नका.

बचावपक्ष
मी दुसऱ्या बाजूने उभा राहतो, आणि ते काम मनापासून करतो. आरोपीला बचाव मिळाला नाही तर झालेली शिक्षाही टिकत नाही. समोरून काय येणार हे तुम्हाला आधीच माहीत असावं म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा, गाडी चालवत कोण होतं. चौघं गाडीत होते म्हणता. उद्या पगारी ड्रायव्हर उभा राहील आणि म्हणेल मीच होतो. सलमान खान यांच्या खटल्यात हेच झालं. २८ सप्टेंबर २००२ ची वांद्र्याची घटना, एक मृत, चार जखमी. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली आणि १० डिसेंबर २०१५ ला उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं. ते स्वतः चालवत होते आणि प्यायलेले होते हे दोन्ही संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, असा निष्कर्ष निघाला. मुख्य साक्षीदार असलेल्या पोलीस अंगरक्षकाने पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख केलेला नव्हता, तो नंतरच्या जबाबात आला. सत्र न्यायालयात खटला नव्याने चालला तेव्हा तो साक्षीदार हयात नव्हता. पहिल्या कागदात जे नाही ते नंतर घालायला गेलं की त्याची किंमत निम्मी होते.

दुसरा, "अपघातानंतर घाबरून प्यायलो." ताब्यात लगेच घेतलं असेल तर हा बचाव उभाच राहत नाही, म्हणून सव्वासहाची नोंद तुमच्यासाठी सोन्याची.

तिसरा, ब्रेक निकामी झाले, टायर फुटला, समोरचाच मधे आला. यासाठी मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आणि घटनास्थळाचा पंचनामा. काच कुठे पडली, टायरचे व्रण कुठल्या बाजूला, किती लांब. मयताची थोडी चूक असली तरी फौजदारीत आरोपी आपोआप सुटत नाही, मृत्यूचं थेट कारण कुणाचं कृत्य हे बघतात.

चौथा गैरसमज मी अशिलांनाही सांगतो: "नशेत होतो, कळत नव्हतं" हा बचाव नाही. स्वतःहून प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती असं कायदा धरतो, न्याय संहितेचं कलम २४. कुणी नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल तरच गोष्ट वेगळी.

आता तुम्हाला कदाचित आवडणार नाही असं. प्रत्येक ठिकाणी १०५ चा हट्ट करू नका. पुरावा कच्चा असताना ते कलम लावलं की माझ्यासारखा वकील दोषमुक्तीचा अर्ज करतो, तो फेटाळला तर उच्च न्यायालयात जातो, आणि मूळ खटला वर्षानुवर्षं सुरूच होत नाही. तोवर साक्षीदार थकतात, फितूर होतात.

शेवगा
बचावपक्ष, तुमचं शेवटचं पटत नाही. १०५ लावायचं नाही म्हणजे पैसेवाल्याला पहिल्याच दिवशी जामीन मिळू द्यायचा. आणि जामिनावर सुटलेला माणूसच साक्षीदारांच्या घरी जातो. दिल्लीच्या १० जानेवारी १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणात सहा माणसं गेली, त्यात पोलीस होते, तरी साक्षीदार फिरले. साक्षीदार फोडण्याचा प्रयत्न वृत्तवाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यात सापडला आणि बचावाच्या नामांकित वकिलांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं गेलं. अखेर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३०४ भाग दोनच धरलं, पण शिक्षा भोगली तेवढीच, वर समाजसेवा आणि ५० लाख रुपये. हे कलम सुरुवातीपासून लावायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

बचावपक्ष
तुमचा राग मला समजतो. मी म्हणतोय ते एवढंच की आधी पुरावा गोळा करा, मग कलम मागा. खटला चालू असतानाही पुराव्यावरून आरोप बदलता येतो, दंडाधिकारी प्रकरण सत्र न्यायालयाकडे पाठवू शकतात. दार बंद होत नाही.

ढगफुटी
चालवणारा सतरा वर्षांचा असता तर? पुण्याच्या प्रकरणानंतर मला हे कधी नीट कळलं नाही.

कोर्टआवार
कल्याणीनगर, १९ मे २०२४, दोन तरुण अभियंते गेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, ३०० शब्दांच्या निबंधाची अट घातली. त्यावर देशभर जे उठलं ते सगळ्यांनी पाहिलं. नंतर ससून रुग्णालयातले रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. वर कॅज्युअल्टी_ड्युटी यांनी सील आणि सहीबद्दल लिहिलंय ते का, हे इथे कळतं.

१६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा तर गुन्हा "घृणास्पद" वर्गातला लागतो, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेला. ३०४ ला किमान सात वर्षं नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिल्लीतल्या एका अल्पवयीन मर्सिडीज चालकाच्याच प्रकरणात हे स्पष्ट केलंय. पुण्याच्या प्रकरणातली प्रौढ म्हणून खटल्याची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. मात्र पालक किंवा गाडीमालकाला मोटार वाहन कायद्याचं १९९-अ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

उत्तरायण
लीड्सहून लिहितेय. इकडे दारूच्या अमलाखाली निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवणं हा वेगळाच गुन्हा आहे, १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात, आणि २०२२ पासून त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. योग्य कारणाशिवाय नमुना द्यायला नकार दिला तरी तोच गुन्हा लागतो. भारतात नकाराचं काय होतं?

कोर्टआवार
आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे नकार ही सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती मानता येते. तेवढंच. वेगळा गुन्हा असायला हवा, तुमच्याकडचा कायदा या बाबतीत सरस आहे. वरळीला जुलै २०२४ मध्ये एका महिलेला फरपटत नेणारा चालक तिसऱ्या दिवशी सापडला. इतक्या उशिरा घेतलेल्या रक्तात काय मिळणार? पळून जाणाऱ्याला आज त्याचा फायदा होतो, आणि ज्या पोटकलमाने याला आळा बसला असता तेच थांबलंय.

पाणंद
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना आणि आत्याला वाचून दाखवलं. आम्ही अर्ज लिहायला घेतलाय. दोन प्रश्न. हळदीच्या ठिकाणचं सीसीटीव्ही नाही, पण गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर आहे, तिथे ते पहाटे थांबले होते असं कळतं. आणि घरात कमावता तो एकटाच होता. वहिनी आणि दोन मुलं आहेत. भरपाईसाठी आधी फौजदारी निकाल लागावा लागतो का?

जुना_अंमलदार
पंपावर आजच्या आज जा. बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिन्यात जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं, त्यामुळे कदाचित उशीर झालाही असेल, पण डीव्हीआर जप्त करून तज्ज्ञाकडे पाठवला तर काही वेळा परत मिळतं. स्वतः कॉपी करून मोबाईलवर फिरवू नका. पोलिसांना लेखी कळवा, पंचनाम्याने जप्त होऊ द्या, साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. पंपावर ड्रायव्हरच्या सीटवरून कोण उतरलं एवढं दिसलं तरी "ड्रायव्हर दुसराच होता" हा बचाव लटका पडेल.

कॅज्युअल्टी_ड्युटी
गाडी चालवत कोण होतं यासाठी आणखी एक. चौघांच्या जखमांच्या नोंदी मागा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्याच्या पट्ट्याचा वळ उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो. शेजारच्याचा उलटा. एअरबॅग उघडली असेल तर तिच्यावरच्या रक्ताची किंवा लाळेची डीएनए तपासणी होऊ शकते. गाडी अजून ठाण्याच्या आवारात असेल तर ती मालकाला सोडण्याआधी हे व्हायला हवं.

कोर्टआवार
भरपाईसाठी फौजदारी निकालाची वाट अजिबात बघू नका. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा. तिथे पुराव्याची कसोटी सौम्य असते, संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी हात झटकते, पण अशा प्रकरणांत न्यायालयं सहसा कंपनीला आधी वारसांचे पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात. भावाच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून डेअरीच्या दहा-दहा दिवसांच्या बिलांच्या चिठ्ठ्या, पासबुक, गोठ्यातल्या जनावरांचे दाखले, सगळं जपून ठेवा.

फौजदारी बाजूला, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांच्या मदतीला तुमचा स्वतःचा वकील देता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. पोलीस अर्ज घेऊनही हलत नसतील तर दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली जा. ज्या दोघा-तिघांनी त्याला गाडीतून उतरताना धरलं, त्यांचे जबाब कलम १८३ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यायची मागणी आत्ताच करा. मदत करणाऱ्या माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे हे त्यांना सांगा, गावात लोक याच भीतीने मागे सरतात.

पाणंद
पंपावर भाऊ निघालाय. अर्जाचा मसुदा रात्री इथे टाकते, नावं काढून. कलमं आणि वेळा बरोबर आहेत का तेवढं कुणीतरी तपासून द्या.